कड्यावरचे तीन शब्द

सन १९७१, अश्विन शुद्ध पंचमी. जवळ खण, नारळ आणि देवीपुढे ठेवायचे अकरा रुपये. बरोबर माझा शेजारी आणि जुना मित्र शांतवन मास्तर. तिसरे कोणी नाही. पोटाचे ऑपरेशन सुखरूप पार पडले तर कळसूबाईची ओटी भरीन, असे माझी पत्नी बोलली होती. तिला डोंगर चढणे शक्य नव्हते, म्हणून मी निघालो. खरे सांगायचे तर ऑपरेशन डॉक्टरांनी केले, त्यात देवीचे काय, हा विचार नगरजवळचे आमचे केडगाव सोडल्यापासून माझ्या मनात चालूच होता. शांतवन ख्रिस्ती. तो म्हणाला, "अण्णा, तुझी देवी मला ओळखत नाही. पण नारळ उचलायला कोणीतरी हवंच की. खोबरं मात्र निम्मं माझं."

अकोले तालुक्यातल्या बारी गावातून आम्ही उजाडताच चढू लागलो. शिखर पाच हजार चारशे फूट उंच. मी हिशेबनीस, त्यामुळे मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. वाटेतल्या एका खुणेपासून दुसरीपर्यंतची पावले मी मोजत होतो आणि थांबलो की वहीत टिपत होतो. कड्यावर धरायला लावलेल्या शेवटच्या साखळीपासून देवळापर्यंत आठशे चाळीस भरली. शांतवन धापा टाकत म्हणाला, "नगरला गेल्यावर डोंगराची पावती फाड."

वर पोहोचल्यावर मात्र त्याची थट्टा थांबली आणि माझे मोजणेही. चारी बाजूंना डोंगरच डोंगर, खाली भंडारदऱ्याचे पाणी तळहाताएवढे, आणि या सगळ्याच्या वर दोन माणसे दाटीने उभी राहतील एवढेसे देऊळ. मी ओटी भरली, अकरा रुपये ठेवले. शांतवनने न सांगता चपला काढल्या होत्या.

बाहेर आलो तर धुके. बघता बघता माझेच पाय मला दिसेनात. गावातल्या एकाने सकाळी बजावले होते, "धुकं आलं तर हालू नका. हाय तिथं बसा." पण आम्हाला तीनची एसटी गाठायची होती, आणि माझ्याजवळ वही होती. शांतवन म्हणाला, "बसू या रे थोडं." मी म्हणालो, "आठशे चाळीस पावलं, मग उजवीकडे साखळी. त्यात बसायचं काय?" मी मोठ्याने मोजत निघालो आणि तो माझा खांदा धरून मागून चालू लागला. उतरताना पाऊल लांब पडते, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. आठशे वीसपर्यंत आलो तेव्हा वळण केव्हाच मागे राहिले होते.

आठशे एकवीस म्हणणार, तोच डावीकडून एका बाईचा आवाज आला, "बसाऽ! खाली बसा!"

आम्ही दोघेही मटकन खाली बसलो. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मी मोजले नाही. वारा सुटला, धुके फाटले, आणि माझ्या पायांपुढे दीड हातावर जमीन संपलेली दिसली. खाली नुसती खोल दरी. शांतवनने माझा खांदा सोडला नव्हता. मी गेलो असतो तर तोही गेला असता.

गवताचा भारा टाकून एक तरुण बाई आमच्याकडे आली. तिने तोंडावर पदर घट्ट दाबला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. मी हात जोडले, नाव विचारले. ती बोलली नाही. खुणेने मागे यायला सांगून तिने आम्हाला साखळीवर आणले आणि पार गावापर्यंत उतरवले. एवढ्या वाटेत एक शब्द नाही. रागावली असेल, असे आम्हाला वाटले.

तिच्या दारात सासूने उलगडा केला. सुनेची मुलगी चिमी तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. लेकीला वाचा यावी म्हणून या आईने नवरात्राचे नऊ दिवस मौन धरले होते. "चार दिस जीब हालली न्हाई तिची," म्हातारी म्हणाली, "आन आज पाचव्या दिशी तुमच्यापायी मोडलं!" चिमी आईच्या मांडीशी उभी राहून आमच्याकडे टकमक पाहत होती.

मी खिशात हात घातला. म्हातारी उसळली, "ऱ्हाऊ द्या. पैशानं बोल माघारी येतो व्हय?"

मी हात रिकामाच बाहेर काढला. शांतवनने हळूच विचारले, "आजी, दुसऱ्यानं धरलं तर चालतं का?"

म्हातारीने आम्हा दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळले. मग म्हणाली, "नवऱ्यासाठी बायकू उपास करतीच की. बाप्यानं बाईसाठी मौन धराया काय हुतंय? पन नऊच्या नऊ धरा. अर्धंमुर्धं देवीला चालायचं न्हाई."

तेव्हा त्या मुलीच्या आईने पहिल्यांदा तोंडावरचा पदर काढला.

त्याच रात्री आम्ही घरी परतलो आणि षष्ठीच्या सकाळपासून मी बोलणे सोडले. कचेरीला जाताना एसटीत कंडक्टरला नगर हे नाव लिहून दाखवले, कचेरीत चिठ्ठ्यांवर काम केले. पत्नी म्हणाली, "बोलले मी, आणि गप्प बसायची पाळी तुमच्यावर!" पहिले दोन दिवस आतले मोजणे थांबेना, जिन्याच्या पायऱ्या, पंख्याचे फेरे. तिसऱ्या दिवशी तेही थांबले. त्या शांततेत कळले की देवळात नारळ ठेवताना मी काहीच सोडले नव्हते; वही छातीशी धरूनच उतरलो होतो. जिच्याजवळ सोडण्यासारखे एकच होते, तिने ते दोन अनोळखी माणसांसाठी एका क्षणात सोडले. तिला तिथे कोणी उभे केले, यावर मी वाद घालत नाही. त्या हाकेची आठवण झाली की अजून अंगावर काटा येतो, आणि हात आपोआप जोडले जातात.

मार्गशीर्षात बारीच्या शाळेतल्या गुरुजींचे पोस्टकार्ड आले. चिमी शेळीला "ये, ये" म्हणते, आणि कालपासून आईलाही तशीच हाक मारते. आई दर वेळी हातातले काम टाकून येते.

शांतवननेही माझ्याबरोबरच नऊ दिवस धरले होते, हे मला चतुर्दशीनंतर समजले; त्या दिवसांत तो माझ्याकडे फिरकलाच नव्हता. वर्ग त्याने फळ्यावर चालवला. वाचलो दोघे, मग एकट्याने का फेडायचे, एवढेच तो म्हणाला. दोघांचे मिळून अठरा दिवसांचे मौन, चिमीच्या आईच्या नावाने, कळसूबाईला पोहोचते केले.