अंगठीवाला हात

माझ्या मित्राचा मामा हा वर्धा जिल्ह्यातला एकमेव प्रामाणिक कलावंत आहे. हे वाक्य वाचून बाकीच्या कलावंतांना राग येईल. तो यावा म्हणूनच मी ते सगळ्यात आधी लिहिलं. नव्वदच्या दशकात ज्यांनी शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन, प्रमुख पाहुण्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून कला केली, त्यांची मी नावंही दिली असती. पण मामा म्हणाला, "राहू दे बे, त्याहिले वाटन आपण त्याहिले ध्यानात ठेवलं."

मामा पूर्वी देवळीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. संस्थेच्या अध्यक्षांचं मोठं चित्र काढा, असा हुकूम झाला तेव्हा यानं अध्यक्षांची खुर्ची तेवढी काढली, अगदी हुबेहूब, गादीच्या खड्ड्यासकट. नोकरी गेली. मग एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या रुईच्या गोदामात त्यानं क्लब काढला. गोदाम एका सेठचं होतं. रिकाम्या जागेत उंदरांपेक्षा कलावंत बरे, इतपत सेठची कलादृष्टी होती. क्लबला पाटी नव्हती, अध्यक्ष नव्हता, वर्गणी नव्हती. सभासद व्हायचं तर मामाच्या नाटकाचा पहिला अंक उभ्यानं ऐकायचा. त्याच्या सगळ्या नाटकांना पहिलेच अंक होते. "दुसऱ्या अंकात लोक समजुतीनं वागाले लागतात, मले नाई लिवता येत," असं तो म्हणायचा. लुंगी, एका पायात कातडी चप्पल, दुसऱ्यात रबरी, आणि हातात येईल त्या ब्रशनं चहा ढवळायची सवय. एकदा चहा निळा झाला. तो त्यानं कॉलेजातल्या एका प्राध्यापकाला दिला. प्राध्यापक तो सगळा प्यायले आणि "वेगळा आहे" म्हणाले. ते पुढं क्लबचे नेमानं येणारे सभासद झाले, यात मला नवल वाटत नाही.

या क्लबची एक रीत होती आणि तिच्यावरून मी मामाशी सतत भांडलो. गोदामाच्या लांब भिंतीवर वर्षभर ज्याला जे वाटेल ते त्यानं काढावं, लिहावं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, बाहेर गावातली पोरं लाकडी बैल मिरवत असताना, आत सगळ्यांनी मिळून भिंतीला चुना मारायचा. ज्याचं त्यानं पुसायचं. आमचं घर चळवळीतलं, पाळण्यावर पत्रकांचे गठ्ठे टांगलेले असत. लिहिलेलं पुसणं हे मला पोलिसांचं काम वाटायचं. "मामा, हे लोकांचं आहे, टिकलं पाहिजे," मी ओरडायचो. "टिकवाले लोणचं हाय काय?" एवढंच उत्तर. सेवाग्रामच्या दवाखान्यातली एक सिस्टर सुट्टीच्या दिवशी बसनं यायची आणि भिंतीवर कविता लिहायची. पुसताना तिचे डोळे भरायचे. मामा तिच्या हातात सगळ्यात मोठा कुंचा द्यायचा.

एका वर्षी मामानं भिंतीचा मधला भाग स्वतःकडे घेतला. कापसाची गाडी काढली, तराजू काढला, आणि वजनांच्या बाजूचं पारडं हळूच खाली दाबणारा एक गुबगुबीत हात. हाताला चेहरा नव्हता. बोटात हिरव्या खड्याची अंगठी होती. पोळा जवळ आला असताना सेठ छपराची गळकी टिनं पाहायला आला आणि भिंतीसमोर थांबला.

"हा हात माहा हाय."

"मी तं कोनाचाच काढला नाई, सेठ. तुमी ओळखला म्हंजे असन."

सेठ ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हसला, बसला, चहा प्याला. "पोरीची सोयरीक हाय मामा, पाहुणे इस्टेट पाहाले येऊन राह्यले. पोळ्याले तं पुसताच तुमी. चार दिवस अगोदर पुसा. नाई तं अंगठी तेवढी पुसा, हात राहू द्या. नाई जमलं तं गोदाम खाली करून देजा." किती गोड आवाजात! पारडं दाबणारे असंच बोलतात. त्यांना आवाज चढवावा लागत नाही, कारण त्यांच्या वतीनं बोलणारे आपल्यातच बसलेले असतात.

ते लगेच बोललेही. प्राध्यापक म्हणाले, "मामा, तुम्ही तर सगळंच पुसता. प्रश्न फक्त अंगठीचा आहे. प्रतीक म्हणून हात पुरेसा आहे." चार माना डोलल्या. मी काय काय बोललो ते इथं छापण्यासारखं नाही. सिस्टर मात्र शांतपणे म्हणाली, "सर, बोट सुजलं का अंगठी आमी कापून काढतो. तुमचं काय सुजलं ते सांगा."

क्लब गेला तर मामाकडं दुसरं काहीच नव्हतं, हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं. मग तो सेठकडं वळला. "पोळ्याले मी पुसतो ते माह्या मनानं, सेठ. तुमच्या म्हणण्यावरून एकडाव पुसलं, तं आजवर पुसलं ते बी तुमच्यासाठीच पुसलं, असं होईन."

पोळ्याआधीच गोदामाला कुलूप लागलं. प्राध्यापकांनी सेठच्याच हॉलमध्ये कला मंडळ काढलं. त्याला पाटी आहे, अध्यक्ष आहेत, आणि तिथला चहा चहाच्याच रंगाचा असतो. सेठनं चित्र अजून पुसलेलं नाही. चुना मारायला गडी लावला तर गडी ते पाहील, आणि बाहेर सांगेल.

या गोष्टीला वर्षं झाली. आम्ही जिंकलो असं मला वाटायचं. एकदा तसं मी मामाला म्हटलंही, की तुमचं एक तरी चित्र टिकलं. तो माझ्यावर खेकसला. "मनगट चुकलं हाय त्याचं! बोटं सेठची अन् मनगट माहं. घाईत सोताचंच पाहून काढलं. पोळ्याले पुसणार होतो ना मी!"

आता तो फारसं बोलत नाही. भेटलो की विचारतो, "गोदामाकडून गेलतास काय? ओल चढली काय भिंतीले?"

मी गेलेलो असतो. दाराच्या फटीतून पाहिलेलं असतं. भिंत कोरडी ठणठणीत आहे, खडा हिरवागार आहे.

"चढून राह्यली, मामा," मी सांगतो. "मनगटापर्यंत आली."

"मनगटापर्यंत काय?" तो म्हणतो, आणि लुंगीची गाठ सैल करून बाजेवर निवांत आडवा होतो.