वेल्कोच्या कबरीवरचं गवत

गिनकामावशीची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी सुमारे चार मिनिटं मेलो होतो. डोंगरातल्या या शाळेवर नुकताच रुजू झालो होतो. पोट दुखत होतं, म्हणून कोणीतरी तिच्या दारात नेऊन बसवलं. तिने कडू दवण्याचा काढा घशात ओतला. माझे कान मिटले, बुटांच्या नाड्या सुटल्या आणि समोर पणजोबा दिसले. तेही तोंड वाकडं करून उभे होते. पोटदुखी मात्र गेली. पोटदुखीलाही जीव प्यारा असणार.

गावाला धाकात ठेवणारी ही बाई स्वतः फक्त नवऱ्याला भ्यायची. तो, म्हणजे वेल्को, वारून सहा वर्षं झाली होती.

वेल्कोच्या कबरीवर गवत उगवत नव्हतं. आमच्याकडे असा माणूस आत स्वस्थ पडलेला नाही, असं समजतात. शेजारी गुडघाभर हिरवळ आणि मधे वेल्कोचं टक्कल. मीही तिथून जायचं टाळायचो. शाळेला उशीर होतो म्हणून.

एकदा भर दुपारी मावशीने कडी लावून मला सांगितलं. मेलेला घरात शिरू नये म्हणून चौकटीला लसूण टांगलेला होता.

"शेवटच्या दिवशी घोटभर राकिया मागितली त्यानं. डॉक्टरांनी दारू बंद केलेली. मी काढाच पाजला. 'गिनका, बघून घेईन तुला,' म्हणाला आणि गेला."

"मग मृतांच्या शनिवारी बाकीच्यांसारखी वाइन ओता की कबरीवर."

"शुद्धीत एवढा रागावलाय, मास्तर. पिऊन घरी आला म्हणजे? मी काढाच ओतते. आधी पेलाभर न्यायचे. गवत दिसेना, तशी दर शनिवारी बादली नेते."

त्या जूनमध्ये शेतकी संस्थेची योआना आली. लव्हेंडरच्या शेतातल्या तणावर तिला औषधी झाडांचे अर्क फवारून बघायचे होते. मावशीकडूनही तिने काढा नेला. चौथ्या दिवशी मावशी धापा टाकत शाळेत आली आणि मला ओढत शेतात घेऊन गेली. रांगांमधलं तण काळं पडून आडवं झालं होतं. खाली जमीन बोडकी.

"इथंही आला तो," मावशी कुजबुजली. मी मागे वळून पाहिलं.

योआना वहीत काहीतरी मोजून लिहीत होती. "कोण आला? तुमचाच काढा आहे हा, मावशी. कोवळं तण जळतं, नवं बी रुजत नाही."

"आणि बादलीभर ओतला तर?"

"तर जमीन उघडीच राहायची."

मावशी बांधावर बसली. म्हणाली, "मग रागावला नव्हता का गं तो?"

त्यासाठी योआनाच्या वहीत रकाना नव्हता.

मावशीने बादली बंद केली, पण कबरीकडे जायची तिची हिंमत होईना. पुढच्या एप्रिलमध्ये तिने मला पाठवलं. "गवत नसलं तर खोटं सांगा," म्हणाली. मी एक डोळा मिटून गेलो.

गवत आलं होतं. अर्ध्याहून अधिक काटेरी तण होतं. मावशी आता ते दर शनिवारी हातानं उपटते.