रवाची टाच

वसमतच्या बसस्टँडामागच्या गल्लीत करुणा ब्लाउज शिवते. नवरा नरसिंग साखर कारखान्यात फिटर होता. तो वारला त्याला काही वर्षं झाली. लेक शिला नर्सिंग शिकायला पुण्याला गेली आणि जाताना आपले दोन ससे आईच्या गळ्यात टाकून गेली. मादी पांढरी, तिचं नाव रवा. नर तपकिरी, तो फुटाणा. दोघांचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे पिल्लांची भानगड नव्हती. मशीनखाली एकमेकांना चिकटून झोपायचे.

उन्हाळ्यात फुटाण्याचा दात वाढला. जनावरांच्या डॉक्टरांनी वाढलेला दात घासून कमी करायला त्याला ठेवून घेतलं. घरी आला तो औषधाचा वास घेऊन. रवाने हुंगलं आणि ती त्याच्यावर तुटून पडली. खोलीभर पळवलं, पाठीवर चढली, मानेचे केस उपटले. तो कोपऱ्यात दबला, तशी तिने मागचा पाय फरशीवर आपटला. धप्प.

करुणाच्या हातातली कात्री गळून पडली. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि माठातलं पाणी तांब्यात ओतू लागली. तांब्या भरून वाहिला तेव्हा तिच्या ध्यानात आलं, पाणी कोणी मागितलंच नव्हतं.

नरसिंग हाक मारत नसे. खुर्चीत बसून टाच आपटायचा. आपटली की पाणी. पुन्हा आपटावी लागली, तर हात उठायचा आणि शिला दप्तर उचलून शेजारच्या गंगूताईंकडे पळायची.

करुणाने रवाला मागच्या खोलीत कोंडलं. "बस आता तिथंच, नरसिंग," ती म्हणाली आणि स्वतःचाच आवाज ऐकून दाराला टेकून उभी राहिली.

फुटाणा सुटला असं तिला वाटलं होतं. पण तो त्या बंद दाराशी जाऊन बसला. कोथिंबीर ठेवली, तोंड लावलं नाही. सकाळपासून लेंडीही टाकली नाही. दुपारी ती त्याला टोपलीत घालून पुन्हा डॉक्टरांकडे धावली.

डॉक्टरांनी त्याचं पोट दाबून पाहिलं, औषध पाजलं. "मावशी, ससा उपाशी राहिला की जिवावर बेततं. ह्याला ती पाहिजे."

"ती मारून राहिली त्याला!"

"वर चढणं, थोडं पळवणं म्हणजे मोठं कोण ते ठरवणं. ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. गोल फिरून चावायला लागले, रक्त निघालं, तर टॉवेल टाकून वेगळं करा. तोंडाकडून चढली तर तो चावेल, तिला हळूच उतरवा. बाकी मधे पडू नका. आधी मधे जाळी ठेवा, ह्याचं अंथरूण तिला, तिचं ह्याला. मग जिथं दोघंही कधी गेले नाहीत अशा जागी सोडा. आणि बघत बसा."

बघत बसणारे करुणाने बक्कळ पाहिले होते. सगळी गल्ली बघत बसली होती.

"आन् ती पाय आपटती, तो राग असंल ना?"

"राग असतो कधी कधी. पण जास्त करून भीती. धोका वाटला की ससा पाय आपटतो."

टोपली मांडीवर घेऊन ती रिक्षात बसली, पण ते वाक्य काही डोक्यातून उतरेना. नरसिंगला घरात भ्यावं असं काय होतं? ती होती, लेकरू होतं. 'भेला असंल बी,' ती मनात म्हणाली. 'पर माझ्याइतका न्हाई.'

जाळीपलीकडे रवा दिसल्यावर फुटाण्याने पाला खाल्ला. मग रोज थोडा वेळ करुणा दोघांना गंगूताईंच्या रिकाम्या खोलीत नेऊ लागली. दोन वाट्या, दोन्ही बाजूंनी उघडी खोकी, हातात टॉवेल. रवा चढायची. करुणा टॉवेल घट्ट धरून बघत बसायची. दारात गंगूताई म्हणायच्या, "उचल की तिला, काहून बघून राहिलीस?"

"तवा तुमी काहून बघत होत्या, ताई?"

गंगूताई गेल्या नाहीत. फरशीवर तिच्या शेजारी येऊन बसल्या.

रवा चढली तरी फुटाणा पळेनासा झाला. एका दुपारी तिने पाय आपटला आणि करुणा सवयीने अर्धी उठली. गंगूताईंनी तिचं मनगट धरलं. "बस." ती बसली. रवाने मग डोकं जमिनीला टेकवलं, अगदी फुटाण्याच्या तोंडापुढं. तो बराच वेळ तसाच राहिला. शेवटी तिचं कपाळ चाटू लागला.

दोघं पुन्हा घरी एकत्र राहू लागले, तरी पहिला घास रवाचाच असतो. फुटाणा बाजूला सरतो, पण लांब जात नाही. नवीन वास आला, गल्लीत फटाका वाजला, की रवा टाच आपटते आणि करुणाचं मशीन थांबतं. आता पाणी ओतायला मात्र ती जात नाही.

शिलाचा फोन आला. "मम्मी, तुला लई तकलीफ होत असंल तर रवाला मी इकडं घेऊन येते. मैत्रीण ठेवते म्हणली."

"नको."

"तुला तिची भीती वाटती ना?"

"वाटती," करुणा म्हणाली. "पर राहू दे. एकमेकाबिगर जेवत न्हाईत ते. आन् शिला, तुला वाटायची का गं भीती, पप्पाची?"

शिला दप्तर उचलून पळायच्या त्या दिवसांबद्दल बोलू लागली, आणि करुणाने सुई खाली ठेवली.