आई ढाब्यावर बसते

आयुष्यात पहिल्यांदा ढाब्यावर जेवायला गेलेली माझी आई तिथे गेल्या गेल्या वाढायच्या कामाला लागली.

बेत माझा होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होतो आणि मित्रांच्या नादाने मला हायवेवरच्या पंजाबी ढाब्याची चटक लागली होती. काळी डाळ, तंदूरमधली रोटी, वर लोण्याचा गोळा, बुक्की मारून फोडलेला कांदा! सारसोळ्याला, आमच्या गावी, घरी येऊन मी हे सगळं रंगवून सांगायचो आणि आई चुलीपुढे बसून ऐकायची. आमच्याकडे सगळ्यांची जेवणं उरकल्याशिवाय घरची बाई ताटावर बसत नाही. त्यामुळे आईच्या वाट्याला गरम भाकरी कधी आलीच नाही. मला ते फार लागायचं. एकदा तरी तिला बसवून गरमागरम खाऊ घालायचं, असं मी ठरवलं.

रविवारी दुपारी आई, मी आणि माझी बायको सुनंदा ढाब्यावर पोहोचलो. खाटेवर आडवी फळी, फळीवर ताटं. आईपुढे वाफाळती रोटी आली. मी धन्य!

"खा ना, आई."

"आदी तुमी जेवा. मंग मी बसतंय."

"अगं, बसलीच आहेस तू!"

"तुजी डाल संपली," असं म्हणून ती उठली ती थेट भट्टीकडे! (सरदारजी पाठमोरे रोट्या थापत होते.) डाळीची बादली आणि पळी घेऊन ती परत आली. मला वाढलं, सुनंदाला वाढलं. शेजारच्या खाटेवरचा ट्रक ड्रायव्हर आशेने बघत होता, त्यालाही वाढलं. मग काय, बाकीच्या खाटांवरच्या ड्रायव्हरांचीही पंगतच सुरू झाली!

"बस, माताजी, बस!" ड्रायव्हरने ताटावर हात आडवा धरला.

"बस कसला? अंगावर मास नाय तुज्या! खा!"

"अहो, त्यांना बसवा ना," सुनंदा कुजबुजली.

"तूच सांग."

"मी? सासूबाईंना?"

मी लस्सीच्या ग्लासात तोंड लपवलं. तेवढ्यात खांद्यावर पंचा टाकलेले धिप्पाड सरदारजी समोर उभे! आता आपली वरात निघणार, असं मला वाटलं. त्यांनी बादलीकडे पाहिलं, मग आईच्या न शिवलेल्या ताटाकडे.

"माताजी, आपने खाया?"

"सबका हुएगा, मंग बैठती," आई म्हणाली.

सरदारजींनी तिच्या हातातली बादली घेतली आणि ते गरजले, "ओये, सबका हो गया?"

सगळे ड्रायव्हर, तोंडात घास तसाच ठेवून ओरडले, "हो गया, माताजी!"

मग आई बसली. सरदारजींनी तिच्या ताटातली गार रोटी उचलून भट्टीवरची नवी ठेवली. आईने घास मोडला आणि त्यावर फुंकर मारली. घासावर फुंकर मारणारी आई मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. माझे डोळे भरून आले. (सुनंदाला मी कांद्याचं कारण सांगितलं.)

पोटात अजून कावळे ओरडत होते, म्हणून मी ताट पुढे केलं. "सरदारजी, एक गरम रोटी."

"रुको! पहले माताजी का होने दो," त्यांनी डोळे वटारले आणि आईची ती गार रोटी माझ्या ताटात टाकली.

चामडं परवडलं! आई इतकी वर्षं काय चावत होती, ते त्या दिवशी माझ्या दाढांना कळलं.