अक्षर खोल काढजो

"अक्षर खोल काढजो, कलाकार. पावसानं जायले नाई पाह्यजे."

दुकानात पाऊल टाकलं की साहेब पहिलं हे वाक्य बोलायचे. मग माझ्या समोरच्या कोऱ्या दगडावर तर्जनीनं स्वतःचं नाव लिहून दाखवायचे. बोटाला भुकटी लागायची, ती माझ्याच दाराच्या पडद्याला पुसायचे आणि जायचे. पडद्याचा तेवढा कोपरा कायम पांढरा राहिला.

मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दगड कोरायचं दुकान आहे. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव, कबरीवर मयताचं नाव आणि भूमिपूजनाच्या कोनशिलेवर पुढाऱ्याचं नाव, तिन्ही मी एकाच छिन्नीनं काढतो. घाई फक्त तिसऱ्याला असते.

साहेबांचं नाव इथे सांगत नाही. ते मी आयुष्यात इतक्या वेळा कोरलंय की आता हात धजत नाही. शिवाय असा एक साहेब तुमच्याही तालुक्यात असणारच. नसला तर कळवा, आमच्याकडून पाठवू.

पहिल्यांदा आले तेव्हा ते आसेगावाकडच्या एका गावचे नवे सरपंच होते. जुनी मोटरसायकल, पायात स्लीपर. मला "कलाकार" म्हणाले. तोपर्यंत मला सगळे "दगडवाला" म्हणत. एका शब्दात मी इतका पाघळलो की चहा मागवला, वर बिस्किटं मागवली. माणसाला कुठे खाजवलं की तो पाय हलवतो हे ज्याला कळतं तो राजकारणात पुढे जातो, एवढं तत्त्वज्ञान मी त्या दिवशी शिकायला हवं होतं. मी बिस्किटंच मोजत बसलो.

त्यांना हवी होती पुलाची कोनशिला. त्यांच्या गावापुढे एक नाला आहे आणि नाल्यापल्याड थोड्या घरांची वस्ती. त्या वस्तीत माझी थोरली बहीण दिलेली. तिला मी बाई म्हणतो. तेव्हा पुलाचं ऐकून मला आनंदाचं भरतं आलं. मी म्हणालो, "साहेब, हा दगड मी जीव ओतून काढतो."

"जीव नको ओतू. खोल काढ," साहेब म्हणाले. "आन् फरशीसारखा पातळ दगड नको. चांगला जाड काळा घे. वजनदार दिसला पाह्यजे."

जीव ओतायचा नाही म्हटल्यावर मी तो सगळा साहेबांच्या नावात ओतला. नाव इतकं ऐसपैस काढलं की खाली पुलाचं नाव मावेना. शेवटी 'भूमिपूजन' हा शब्द आणि साहेबांचं नाव, एवढंच राहिलं. कशाचं भूमिपूजन, ते दगडावर कुठेच नाही. मी घाबरत घाबरत दाखवला. साहेबांनी लांबून पाहिलं, जवळून पाहिलं आणि माझी पाठ थोपटली.

"बेस झालं. पुलाचं नाव कायले पाह्यजे? पूल तं लोकाले दिसनच."

भूमिपूजन झालं. विटांचा चौथरा बांधून त्यात दगड बसवला. नारळ फोडला. तो आधीच कोणीतरी तडकवून ठेवलेला होता, कारण साहेबांना एका फटक्यात नारळ फुटलेला फोटो हवा होता. पुढच्या पावसात चौथरा वाहून गेला. दगड नाल्याच्या काठावर तोंडावर पडला. पूल लोकाले दिसायचा राहिला.

त्यानंतर साहेब पंचायत समितीचे सभापती झाले. मग जिल्हा परिषदेत गेले. त्यांची चढण मला कशावरून कळायची सांगू? ते म्हाताऱ्या माणसांना नमस्कार कसा करतात यावरून. सरपंच असताना खरोखर वाकून पाय धरायचे. सभापती झाले तसा हात गुडघ्यापर्यंत जाऊ लागला. जिल्हा परिषदेत गेल्यावर ते वाकायला सुरुवात करायचे आणि म्हाताऱ्यानंच अर्ध्यात धरून त्यांना उठवायचं, अशी रीत पडली. आमदार झाल्यावर गाडीची काच खाली यायची, आतून पंजा निघायचा, म्हाताऱ्याच्या दिशेनं हवेत जरासा बुडायचा आणि काच वर. एकदा एका म्हाताऱ्यानं तो पंजा काहीतरी मागतोय समजून त्यावर तंबाखूची पुडी ठेवली होती.

प्रत्येक चढणीला पुलाचं भूमिपूजन नव्यानं झालं. जुन्या दगडावर जुनं पद होतं ना! पूल तोच, नाला तोच, चौथरा नवा, दगड नवा, कोरणारा गाढव तोच. पुढच्या पावसात चौथरा पुन्हा वाहायचा आणि दगड काठावर तोंडावर पडायचा. दरवेळी मी बाईला निरोप धाडायचो, "यावेळी पक्कं हाय." बाई दरवेळी नऊवारी नेसून, नाला ओलांडून भूमिपूजनाला यायची आणि ओल्या काष्ट्यानं परत जायची.

आमदारकीच्या निवडणुकीत तर मी कमालच केली. साहेब येणारच म्हणून सगळे सांगत होते. मी म्हटलं, निकालाच्या दिवशी गर्दी होईल, आपण आधीच तयार राहू. मी 'आमदार' कोरून दगड तयार ठेवला. साहेब पडले.

तो दगड दुकानात ठेवायची सोय राहिली नाही. कोणी पाहिला असता तर साहेबांच्या कार्यकर्त्यांनी मलाच कोरलं असतं. घरी नेला, मागच्या न्हाणीपाशी टाकला. बायकोनं लगेच कपडे धुवायला घेतला.

"तुमी आयुष्यात पयल्यांदा घरात कामाची वस्तू आणली," ती म्हणाली.

मग एक अख्खी टर्म आमचे कपडे आमदारावर आपटले गेले. पुढच्या खेपेला साहेब निवडून आले, तसा मी तो दगड उचलला, ब्रशानं घासला, अक्षरात सोनेरी रंग भरला आणि दुकानात आणला. साहेब आले. नेहमीसारखं बोट फिरवलं. मग बोट नाकाशी नेलं.

"कलाकार, साबनाचा वास कायचा येऊन राह्यला बे?"

"पॉलिश हाय साहेब. नवीन आलंय."

"भारी हाय. पुढं बी हेच लावजो," साहेब म्हणाले. घरी बायकोनं धुण्याच्या दगडावाचून महिनाभर माझ्याशी अबोला धरला तो वेगळा.

तर आमदारांच्या शुभहस्ते पुलाचं पुन्हा भूमिपूजन झालं आणि पूल पुन्हा झाला नाही.

इतके दिवस मला हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. त्या पावसाळ्यात येईना. बाईची नात कोमल नववीत गेली होती. हुशार पोर. शाळा नाल्याच्या अलीकडे. पूर रोज येत नाही, पण पाऊस लागला की नाल्याला मांडीइतकं पाणी महिना-महिना असतं आणि खाली सगळं शेवाळ. कोमल एकदा वाहत गेली आणि बाभळीच्या मुळाला धरून वाचली. तिच्या बापानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, सांगून टाकलं, "बस झालं शिक्षन. आमी तोडीले जातो, ते बी चालन संगं." तोडीला म्हणजे ऊसतोडीला, दिवाळीनंतर, पार पश्चिमेकडे. तिथं गेलेली पोरगी परत शाळेत बसलेली आमच्याकडे कोणी पाहिली नाही.

बाई माझ्याकडे आली. म्हणाली, "भाऊ, तुया साहेबापाशी घेऊन चाल मले."

'तुया साहेब' ऐकून मी फुगलो, खोटं कशाला सांगू. छाती काढून बाईला आणि कोमलला घेऊन साहेबांच्या बंगल्यावर गेलो. दारातल्या पीएनं विचारलं, कोण? मी म्हणालो, कलाकार. तो म्हणाला, "तमाशाचं मंगयवारी पाह्यतात साहेब."

आम्ही उन्हात थांबलो. साहेब निघाले तेव्हा गाडीशी गाठ पडली. बाईनं सगळं सांगितलं. साहेब ऐकत होते, म्हणजे मान हलवत होते.

"पोरगी शिकलीच पाह्यजे मावशी," ते म्हणाले. "मी स्वतः लक्ष घालून राह्यलो." आणि मागे वळून हात केला. कार्यकर्त्यानं गाडीतून एक दप्तर काढलं. पाठीवर साहेबांचा हसरा फोटो छापलेला. फोटो निघाला. गाडी निघाली.

बाईनं दप्तर उलटसुलट करून पाहिलं. "भाऊ," ती म्हणाली, "हे पान्यात बुडल्यावर तरंगते का?"

येताना एसटीत तिनं विचारलं, "तुये ते दगड किती जाड असतात रे?" मला वाटलं, धंद्याची चौकशी करतेय. मी अभिमानानं वीत पसरून दाखवली.

पुढच्याच आठवड्यात तिनं वस्तीतल्या बाया जमवल्या. भाच्याची बैलजोडी घेतली. काठावर तोंडावर पडलेले साहेबांचे सगळे दगड साखळीनं ओढून नाल्यात आणले आणि खाली मोठमोठे धोंडे देऊन त्यावर एका रांगेत मांडले. सरपंच, सभापती, जिल्हा परिषद सदस्य, आमदार. पाण्याच्या वर टीचभर. मला कळलं तसा मी धावत गेलो. दगड माझ्या हातचे, नाव साहेबांचं, धंदा माझा!

"बाई, निदान उलटे तं टाक! नाव खाली कर!"

"पह्यले तसेच टाकले होते," बाई म्हणाली. "मागची बाजू गुयगुयीत हाय. पाय सटकते. नावाच्या बाजूनं नाई सटकत. खोल हायेत ना अक्षरं, अंगठा रुततो."

कोमल माझ्यासमोर पलीकडून आली. सरपंचावर डावा पाय, सभापतीवर उजवा. एकदाही अडखळली नाही. भाच्यानं पाहिलं आणि तोडीची गोष्ट पुन्हा काढली नाही.

साहेबांच्या कानावर गेलं असणारच, पण ते आले निवडणुकीच्या तोंडावर, नेहमीसारखे, आणि भूमिपूजनालाच. दोन दिवस पाऊस झाला होता. सभा वस्तीत ठेवलेली, गाड्या अलीकडे अडल्या. साहेब पांढऱ्याफेक कपड्यात काठावर उभे. मी मागे, नव्या दगडासह. पलीकडून बाईनं हाक दिली.

"या ना साहेब! नावावर पाय ठुवा, बिलकुल सटकत नाई!"

साहेबांनी खाली पाहिलं. सोनेरी रंग पोरांच्या पायांनी केव्हाच गेला होता, पण नाव अक्षर न् अक्षर शाबूत. त्यांनी जोडा काढला. एक पाय उचलला. तेवढ्यात कार्यकर्ता कानाशी लागला, "साहेब, पलीकडं पोट्टे मोबाईल धरून बसले. व्हिडिओ निघन."

पाय हवेत राहिला. सगळ्या आयुष्यात त्यांना मी असं अवघडलेलं पाहिलं नव्हतं. सरपंच असतानाच्या दगडाकडे ते जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग पाय जोड्यात घातला आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "खोल काढलं होतंस बे तू."

त्या क्षणी मला त्यांची दया आली. गाडीपर्यंत टिकली. गाडीत बसून त्यांनी काच खाली केली आणि जोडा घालताना हाताला लागलेला चिखल माझ्या खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसला, तिथे संपली.

शाळा सुटली होती. कोमल आमच्यामधून वाट काढत पुढे गेली आणि दगडांवरून पलीकडे निघाली. तिच्या पाठीवरच्या दप्तरावरून साहेब आमच्याकडे बघून हसत लांब लांब गेले. गाडीतले साहेब मात्र तसेच मागे फिरले. त्यांचं मला झालेलं हे शेवटचं दर्शन. तिकीट कापलं गेलं, ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले. तिथे त्यांना कोणी ओळखत नाही म्हणतात. बरोबर आहे, तिथे मी दगड दिलेले नाहीत.

आता नवे साहेब आलेत. परवा दुकानात येऊन गेले. पुलाचं भूमिपूजन करायचंय म्हणाले. मलाही कलाकार म्हणाले. चहा मी मागवला नाही, बिस्किटं मागवली. सवय जात नाही.

मी बाईला फोन लावला. यावेळी "पक्कं हाय" म्हणालो नाही. नुसतं सांगितलं, भूमिपूजन आहे म्हणून.

"बरं झालं," बाई म्हणाली. "मधात एक टांग लांब पडते, लहान लेकराईले पुरत नाई. दगड चांगला जाड घेजो भाऊ. आन् अक्षर खोल काढजो."