पाहुण्यांसाठी जपलेले पडदे

आमच्या गावच्या तलावात मासे मेले, त्या सकाळी मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. आत्याचा फोन आला. ती जन्मभर त्याच तलावातली मासळी विकत आलेली, बोलणं नेहमी मोठ्यानं. त्या दिवशी मात्र हळू बोलली.

"तू तं म्हणत होतीस, आता गंदं पाणी येत नाई. मंग मासे काऊन मेले?"

घुग्घुसच्या पलीकडचा आमचा कारखाना लोखंडी पत्र्यांवरचा गंज तेजाबानं, म्हणजे ॲसिडनं, काढायचा. ते धुण्याचं पाणी गाळायला पडदे होते, कागदासारखे पातळ, नळकांड्यांत गुंडाळलेले. जुने पडदे तेजाबानं फुगायचे, चिरायचे, आणि मग पाणी तसंच नाल्यात जायचं. नाला आमच्या तलावाला मिळतो. मग नव्या जातीचे पडदे आले. मी स्वतः त्यांचे तुकडे तेजाबात बुडवून ठेवले, कॉस्टिक सोड्यात ठेवले, ब्लिचिंग पावडरनं धुतले. काहीही झालं नाही. त्या आनंदात मी आत्याकडे गेले आणि सांगितलं की आता पाणी गाळून परत कारखान्यातच वापरतील, नाल्यात थेंब जाणार नाही. तिनं ते साऱ्या ढीवर मोहल्ल्याला, मासेमारांच्या वस्तीला, सांगितलं.

फोन ठेवून मी गाळण्याच्या विभागात गेले. पंप बंद होते. नळकांड्यांवर प्लास्टिकची पन्नी चढवलेली, अगदी दुकानातून आणल्यासारखी. आणि पडद्यांना वळसा घालून जाणाऱ्या बाजूच्या आडपाइपातून पिवळं पाणी सरळ नाल्यात पडत होतं. ऑपरेटरला विचारलं तर तो म्हणाला, साहेबांना विचारा.

विभागाचे साहेब डबा खात होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, "मॅडम, कारखाना पाहायला पाहुणे येणार आहेत. तोवर पडदे नवे दिसले पाहिजेत. रोज चालवले तर खराब नाही का होणार?"

मी म्हटलं, खराब होऊ नयेत म्हणूनच हे आणले ना. ते म्हणाले, माहीत आहे, बसा, जेवून घ्या.

हा माणूस थापा मारत असता तर मला इतका राग आला नसता. त्याला खरंच वाटत होतं की आपण काटकसर करतो आहोत. घरातली चांगली ताटं पाहुण्यांसाठी ठेवतात तशी. आणि तलावाकाठची माणसं म्हणजे खरकटं पाणी फेकायची जागा.

मी बसले नाही. सरळ आडपाइपाकडे गेले, व्हॉल्व्ह बंद केला, पुन्हा कुणी उघडू नये म्हणून पान्यानं त्याचं चाक काढलं आणि पिशवीत टाकलं. ऑपरेटरला म्हटलं, धुण्याच्या पाण्याची टाकी भरायच्या आत एक तर पंप चालू कर, नाहीतर धुणं थांबवायला सांग. त्यानं स्वतःच पन्नी फाडली. पंप सुरू झाले, आणि पलीकडून आरपार दिसणारं पाणी आलं. इतकं सोपं होतं ते. म्हणूनच जास्त चीड आली.

संध्याकाळी मी आत्याकडे गेले, तर कंपनीची दोन माणसं चाक मागायला तिच्या अंगणात आली. पाइप कापा, मग देते, असं मी सांगितलं. माणसं आवाज चढवायला लागली तशी आत्या उठली. तिनं काठावरून गोळा केलेल्या मेलेल्या माशांची टोपली त्यांच्या पायाशी ठेवली.

"चाकाचं मंग पाहू. आधी हे तुमच्या सायबाले नेऊन द्या."

त्यांनी टोपली नेली नाही. मग मोहल्ल्यातल्या बायांनीच दुसऱ्या सकाळी अशा टोपल्या कारखान्याच्या फाटकासमोर नेऊन ओतल्या. उन्हात वास इतका सुटला की पाळीची माणसं आत जाईनात. दुपारी कंपनीनं वेल्डर बोलावून आडपाइप कापला. मी चाक दिलं. त्यांनी मला कामावरून काढल्याचं सांगितलं.

पडदे आता रोज चालतात. ऑपरेटर अधूनमधून फोन करतो. म्हणतो, एकही फुगला नाई. लोक मला म्हणतात, जिंकलीस. पण तलावात सोडलेलं मत्स्यबीज अजून धरलेलं नाही, आणि आत्या घुग्घुसच्या बाजारात बाहेरून आलेली बर्फातली मासळी विकते. तिला त्या मासळीचा वास आवडत नाही.

पाहुणेही येऊन गेले. साहेबांनी गाळलेल्या पाण्याचा पेला हातात धरून त्यांना सगळं समजावून सांगितलं म्हणे, आणि टाळ्या पडल्या. ते अजून तिथंच साहेब आहेत.