बागेच्या अलीकडची पायरी

आमच्या ह्यांनी निवृत्तीनंतर जुनी जीप घेतली तेव्हा मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. लोक निवृत्त झाले की तीर्थयात्रेला जातात, गुडघे दाखवायला जातात, सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहतात. ह्यांनी चिपळूणहून कुणीतरी वापरून वापरून जेरीस आणलेली जीप आणली. पुरात बुडून निघालेली असणार, असं मी म्हटलं, आणि सीटखाली खरंच वाळलेला गाळ निघाला. ह्यांना त्याचंही कौतुक. एवढं सोसून चालते म्हणजे बघ, म्हणाले.

जीप हवी होती बागेसाठी. आमची कलमं पूर्णगडच्या बाजूला सड्यावर आहेत. डांबरी रस्ता संपला की पुढे नुसता उघडा कातळ, त्यावर चाकांनी पडलेल्या दोन रेघा, आणि बागेच्या अगदी तोंडाशी कातळाची एक आडवी पायरी, दीड वीत उंच. टेम्पोवाले त्या पायरीशी थांबायचे आणि आंब्याचे क्रेट डोक्यावरून तिथपर्यंत आणावे लागायचे. ह्यांचं म्हणणं, जन्मभर कचेरीत खुर्ची उबवली, आता स्वतःच्या गाडीतून थेट कलमाखाली उतरणार. ऐकायला बरं वाटायचं, पण हे मी तेव्हा कबूल केलं नाही.

मग जीपवर काम सुरू झालं. करणारे दोघे, हे आणि मेस्त्री. मेस्त्री म्हणजे ह्यांचा शाळेपासूनचा मित्र, त्याचं गॅरेज आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. दोघांचाही एका गोष्टीवर ठाम विश्वास होता की जगातल्या कुठल्याही अडचणीवर उपाय म्हणजे आणखी थोडं लोखंड.

पायरी चढावी म्हणून पाटे वाढवले. पाटे म्हणजे चाकांच्या वर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, सगळी गाडी त्यांच्यावर झुलते. जीप उंच झाली. उंच झाली म्हणून शॉकअप आखूड पडले, ते बदलले. मग बंपर. वाटेत करवंदीच्या जाळ्या आडव्या येतात, असं कारण निघालं. जयगडकडच्या एका भंगारवाल्याकडून हाताच्या मुठीत मावणार नाही असा पाइप आला, मेस्त्रीने तो वाकवून, वेल्डिंग करून, पुढे दोन हुक लावून एक प्रकरण तयार केलं आणि त्याला पिवळाधमक रंग दिला. मी म्हटलं, आता त्याला पोळ्याच्या बैलासारखी झूलही घाला. बंपरच्या वजनाने जीपने नाक खाली केलं, म्हणून पुढे आणखी एक पाटा घातला. त्याने ती इतकी कडक झाली की रिकामी असताना बेडकासारखी उडायची. म्हणून मग मागे जांभ्याचे चिरे ठेवले, वजनाने जरा दबावी म्हणून. लोक चिऱ्यांची घरं बांधतात, आम्ही चिरे घेऊन फिरत होतो.

पण पहिल्यांदा ती पायरी चढली तो दिवस मला आठवतो. माझे दात एकमेकांवर आपटले, डोकं वरच्या दांड्याला लागलं, आणि जीप कलमांच्या सावलीत जाऊन उभी राहिली. हे खाली उतरले आणि बंपरवर टेकून उभे राहिले. त्यांचा तो चेहरा मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. त्यानंतर चार हंगाम आम्ही असेच दणके खात बागेत गेलो. मी दर खेपेला कुरकुरायचे आणि दर खेपेला जायचे.

मग त्यांची पाठ दुखायला लागली. आम्ही दोघांनीही जीपलाच दोष दिला. मी तर तोंडसुख घेतलं. ते जीपमुळे नव्हतं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आजार मणक्यापर्यंत पोचलेला होता. घरी न्या, जपा, आणि दणका अजिबात बसू देऊ नका, असं सांगून त्यांनी आम्हाला परत पाठवलं. दणका बसू देऊ नका, आणि आमच्या दारात उभी होती ती जीप. मला त्या डॉक्टरांचा फार राग आला. त्यांची काही चूक नव्हती, पण कुणाचा तरी राग यायला हवा होता.

थंडी पडली, मोहोर फुटला. ह्यांनी कधी काही मागितलं नाही, ना औषध, ना खायला. एक दिवस खिडकीकडे बघत म्हणाले, "एकदा मोहोर बघायचाय मला."

मी मेस्त्रीकडे गेले. म्हटलं, जीप मऊ करून द्या. त्याने हात पुसले. मग म्हणाला, "वयनी, पुढचा पाटा काढायचा तर पयला बंपर काढायला हवा. नायतर नाक घासत जाईल ती."

तो बंपर जावा म्हणून मी चार वर्षं कटकट केली होती. त्या दिवशी मेस्त्रीने बोल्ट सोडवले आणि ते पिवळं धूड गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवलं, आणि मी स्टुलावर बसून हुंदके देऊन रडले. मेस्त्रीने मला चहा सांगितला आणि स्वतः जीपखाली शिरला. बराच वेळ बाहेर आला नाही.

मऊ झाली की नाही हे कसं कळणार? आम्हा दोघांच्या पाठी धडधाकट होत्या. शेवटी मी घरून एक टोप आणला, पाण्याने काठोकाठ भरला, आणि ह्यांच्या जागेवर तो मांडीत धरून बसले. मेस्त्री गॅरेजमागच्या माळावर जीप हाकायचा. पहिल्या फेरीत माझं लुगडं भिजून चिंब झालं. त्याने आणखी पाटे काढले. टायरमधली हवा कमी केली. मग थोडंच सांडलं. असं करत करत एका संध्याकाळी आम्ही माळाला वळसा घालून आलो आणि टोपातलं पाणी नुसतं हललं. मेस्त्री म्हणाला, झालं. मलाही वाटलं, झालं. बागेपर्यंत जाऊन बघायचं आम्हाला सुचलं नाही. ह्यांना तेवढा वेळ एकटं ठेवणंही शक्य नव्हतं.

ज्या सकाळी निघालो त्या सकाळी ह्यांनी दाढी करून घेतली. अंगणात आले तेव्हा जीपसमोर थांबले. तिचं बोडकं तोंड बघून म्हणाले, कवळी काढलेल्या म्हातारीसारखी दिसतेय. मग मेस्त्रीकडे वळून हळूच म्हणाले, नंतर परत बसव हां. मेस्त्रीने मान हलवली.

मेस्त्री चालवत होता. ह्यांच्या पाठीला दोन उशा आणि दुपटं, मी मागे बसून त्यांचे खांदे धरलेले. सड्यावर जीप पाळण्यासारखी डुलत गेली. त्यांनी डोळे मिटले होते, पण तोंडावर वेदना नव्हती. मी मनात म्हणत होते, जमलं, जमलं. अर्ध्या वाटेवरच मोहोराचा वास आला आणि त्यांनी डोळे उघडले.

मग ती पायरी आली. पुढची चाकं चढली, आणि खालून खरखर आवाज येऊन जीपचं पोट कातळावर टेकलं. मेस्त्रीने मागे घेतली, पुन्हा पुढे घेतली. पुन्हा तसंच. ह्यांच्या तोंडून कण्हणं निघालं आणि मेस्त्रीने इंजिन बंद केलं. तो खाली उतरून दगड गोळा करायला लागला, उतरण करतो म्हणाला. ह्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. उचलून नेतो म्हणाला, तेही होण्यासारखं नव्हतं. बाग समोर दिसत होती. पहिल्या रांगेतली कलमं मोहोराने लाल-पिवळी झाली होती.

ज्या पायरीसाठी पाटे घालून जीप उंच केली होती, ती पायरीच पाटे काढताना मी आणि मेस्त्री विसरलो होतो. मी त्यांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू मला आणलंच नसतंस," ते म्हणाले. "इथनं दिसतंय की."

मला काय झालं ते सांगता येणार नाही. मी उतरले, तरातरा बागेत गेले, पहिल्याच कलमाची मोहोराने वाकलेली एक डहाळी धरली आणि मोडली. आंबेवाल्याच्या घरात असं कुणी करत नाही. आमच्याकडे लहान पोरालाही मोहोराला हात लावू देत नाहीत. मी ती आणून त्यांच्या मांडीवर ठेवली.

ते रागावले. खरंच रागावले, पूर्वीसारखे. "मोडलीस कशाला? एवढे आंबे गेले." आणि मग ती डहाळी त्यांनी घरी पोचेपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवली.

आंबा उतरायच्या आधीच ते गेले. तेराव्यानंतर मेस्त्रीने स्वतः येऊन जीप नेली. बंपर बसवला, पाटे घातले. मला विचारलं, वयनी, तुमच्यापुरता एखादा पाटा कमी ठेवू का, वय झालंय आपलं. मी म्हटलं, सगळे घाला.

मेस्त्रीने मला माळावर जीप चालवायला शिकवलं, आणि काढणीच्या पहिल्या दिवशी ती मीच चालवत नेली. मागे चिरे नव्हते, सड्यावर ती बेडकासारखी उडत होती आणि शेजारची रिकामी सीट खडखड वाजत होती. पायरीशी मी पहिला गिअर टाकला. माझे दात आपटले, डोकं दांड्याला लागलं, आणि जीप थेट कलमाखाली जाऊन उभी राहिली. कलम आंब्यांनी लगडलं होतं. फक्त वाटेकडच्या बाजूला, जिथे मी डहाळी मोडली होती तिथे, काही नव्हतं. मी बंपरवर टेकून त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. ते बरोबर म्हणाले होते, तेवढे आंबे गेले. पण मला त्यांचं ते रागावणं पुन्हा एकदा ऐकायला मिळणार असेल, तर मी अख्ख्या बागेचा मोहोर मोडीन.